फेस धुतल्यावर उरतं ते

अधिवेशन जवळ आलं की भोंगा दाढी करायचं सोडून द्यायचा. गालावर खुंट, मग खुंटाचं रान. लोक लांबूनच ओळखायचे, "साहेबांची दाढी वाढली, म्हणजे सभागृहाचं दार उघडायला आलं." दाढी जितकी दाट तितका ती उतरवायला वेळ जास्त, आणि त्या वेळात साहेबांचे कान सगळ्यांना मोकळे, अशी ही रीत होती.

भोंगा आमदार झाला, पण त्याआधी तो भाजीच्या बाजारात लिलाव पुकारायचा. ओट्यावर उभा राहून असा काही आवाज टाकायचा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री झोपेतून उठून बसायची. नाव तिथंच पडलं. लिलावात गप्प बसणाऱ्याचा माल सडतो, म्हणून समोरच्यानं भुवई हलवली की हा "गेलं!" म्हणून मोकळा. तीच खोड पुढं राजकारणात आली. माणूस अजून नमस्कारच करतोय, तोवर याचं "झालं समजा!" तयार. रस्ता? झालं समजा. नळ? झालं समजा. जावयाची बदली? झालं समजा. त्याची आई म्हणायची, "मेल्या, तुझ्या तोंडाला दार नाही, नुसता उंबरा आहे."

मग एका निवडणुकीत लोकांनी फेड केली. हा दारोदार मत मागत फिरला, आणि प्रत्येक दारात माणसं हसून म्हणाली, "मत? झालं समजा!" भोंगा सपाटून पडला.

पडल्यावर तोंड लपवायला तो गेला वस्तादच्या दुकानात. वस्ताद म्हणजे त्याच्याच आळीतला, त्याच्याच वर्गातला, आता वस्तरा चालवणारा. बोलण्यात कंजूस. त्यानं न विचारता भोंग्याच्या तोंडाला कानापासून कानापर्यंत फेस फासला, वस्तरा गळ्याशी आणला आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "काय सांगायचं ते आत्ता सांगून घे. आत्ता याला 'हो' म्हणता येत नाही."

तेव्हापासून हे चालू झालं. पुढच्या वेळी भोंगा निवडून आला आणि रीत पक्की झाली. अधिवेशनाच्या आदल्या दुपारी तो खुर्चीत बसायचा. बाकावर येईल त्यानं आपलं गाऱ्हाणं सांगायचं. साहेबांनी तोंड उघडायचं नाही; उघडलं की त्या दिवशीचं ऐकणं संपलं, उरलेल्यांनी घरी जायचं. काही लिहून घ्यायचं नाही. शेवटी थंड पाण्यानं तोंड धुवायचं, आणि वस्ताद टॉवेल देता देता विचारणार, "काय उरलं?" जे उरलं असेल तेवढंच घेऊन भोंगा सभागृहात जायचा. दोन गोष्टी उरायच्या, फार तर तीन. बाकीचं फेसाबरोबर मोरीत.

यंदाची दुपारही तशीच होती. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना समोरासमोर आरसे. खुर्चीत बसलं की समोर आपण, आपल्यामागं आपली पाठ, त्या पाठीमागं पुन्हा आपण. असं करत करत आपण इतके लांब गेलेले दिसायचो, की तिथल्या आपल्याला हाक मारली तर ऐकू जायची नाही. वर पंखा जड अंगानं फिरत होता. गरम टॉवेल तोंडावर पडला आणि भोंग्याचे डोळे मिटले. झोप नाही, जाग नाही. दुधावर साय धरते तशी त्याच्यावर गुंगी धरली. टॉवेल निघाला, फेस चढला, वस्तरा चालायला लागला, तरी तो त्या सायीखालीच होता.

पहिला आवाज शाळेच्या बाईंचा.

"साहेब, वर्गाचं छत वाकलंय. बाक ओढत ओढत सगळी पोरं एका कोपऱ्यात आणलीत. उरलेल्या वर्गात पारवे बसतात. हजेरी घेते तेव्हा पारवेच जास्त भरतात, आणि खरं सांगू, गैरहजर राहत नाहीत."

बाक हसला. भोंग्याला मिटल्या डोळ्यांपुढं सभागृह दिसलं. लांबच लांब हिरव्या बाकांवर पारवे बसले होते. अध्यक्ष एकेकाचं नाव पुकारत होते, आणि प्रत्येक पारवा मान फुगवून घुमत होता. आपली जागा कुठली ते भोंगा शोधत होता.

दुसरा आवाज मावशीचा. ही जन्मभर लोकांची धुणीभांडी करून म्हातारी झालेली.

"बाबा, रेशनच्या त्या यंत्रावर अंगठा टेकवला तर यंत्र म्हणतं, तू तू नाहीस. घासून घासून रेघाच गेल्या रे बोटाच्या. माझा नवरापण अधूनमधून म्हणायचा, ही कोण बाई? पण जेवायच्या वेळी बरोबर ओळखायचा. हे यंत्र तर उपाशीच ठेवतंय."

पारवे उडाले. सभागृहाच्या मधोमध मावशी उभी राहिली. तिनं दोन्ही तळवे उघडले. ते घासलेल्या ताटासारखे गुळगुळीत होते आणि छतावरचे सगळे दिवे त्यांत उतरले होते. मग कुठून तरी घंटा वाजायला लागली. कामकाज सुरू व्हायची घंटा. बारीक, न थांबणारी. सगळे आपापल्या जागी बसले, भोंग्यालाच जागा सापडेना. एकच खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पांढरं कापड टाकलेलं. घंटा काही थांबेना.

त्यानं डोळे उघडले. घंटा नव्हती. वस्ताद गळ्यासाठी नवा फेस काढत होता आणि ब्रश वाटीच्या कडेला टिणटिणत होता. वाटी स्थिर होती. ब्रश धरणारा हात स्थिर नव्हता.

भोंगा आरशात बघत राहिला. या हाताखाली माणसं घोरायची. गिऱ्हाईक शिंकलं तरी ओरखडा यायचा नाही. शिंक नाकात यायच्या आधी वस्तरा बाजूला झालेला असायचा. आणि आता वस्तादनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं, चोरानं चोराला धरावं तसं. आरशात नजरानजर झाली. वस्तादनं नजर खाली घेतली.

दाढी अर्धी उतरली होती. बाकावर माणसं गच्च होती. गावाला एकदा कळलं की वस्तादचा हात हलतो, तर उद्यापासून या दुकानात आपला गळा कोण पुढं करणार? आपुलकी कितीही असो, गळा ज्याचा त्याला प्यारा. भोंग्याला हे कळत होतं, आणि भोंग्याला कळतंय हे वस्तादला कळत होतं. पण एकाच्या तोंडावर फेस होता, आणि दुसऱ्याला बोलायची सवय नव्हती.

पाळी ठेकेदाराची आली. गाडीची किल्ली बोटावर फिरवत तो म्हणाला, "साहेब, मी काय सांगणार? गावाबाहेरच्या रस्त्याचा विषय वरूनच आलाय तुमच्याकडं. तुमच्या वाट्याला बोलायला जेवढा वेळ आहे, तो सगळा रस्त्यालाच..."

वस्तरा टेकला. भोंग्याला कानाखाली थंड पातं जाणवलं. ते सरळ येत नव्हतं. अडखळत, बोबडं येत होतं. मग एक बारीक चटका. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली आणि रुंद व्हायला लागली.

बाकावरचा श्वास थांबला. ठेकेदाराची किल्ली थांबली. वस्ताद वस्तरा हवेत धरून उभा, आणि हवेतही तो वस्तरा थांबत नव्हता.

"अरे वस्ताद," ठेकेदार म्हणाला, "तुझा हात..."

"मीच बोललो!" भोंगा ओरडला. लिलावाचा आवाज. फेसाचे शिंतोडे आरशावर उडाले. "रस्त्याचं नाव निघालं आणि आलं तोंडात, झालं समजा! बोलायला गेलो आणि कापलं. बिचारा वस्ताद काय करील? माझ्या तोंडाला कुठं दार आहे?"

सगळा बाक खदखदला. मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "इतकी वर्षं गप्प राहिला, म्हटलं सुधारला. कुत्र्याचं शेपूट!" बाईंनी निवाडा केला, "नियम मोडला साहेबांनी. आजचं ऐकणं संपलं."

"माझं अर्धंच झालंय!" ठेकेदार उठला.

"नियम म्हणजे नियम."

ठेकेदारानं एकवार भोंग्याकडं बघितलं, एकवार वस्तादकडं. किल्ली खिशात घातली. "वर सांगावं लागेल," एवढं म्हणून तो गेला. बाकीचे हसत हसत पांगले. दुकानाबाहेर गेल्यावरही मावशीचं कुत्र्याचं शेपूट बराच वेळ ऐकू येत होतं.

वस्तादनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. उजेड जमिनीवरून सरपटत आत येत होता. त्यानं तुरटीचा खडा जखमेवर दाबला. खडाही थरथरत होता.

"खोटं बोललास," वस्ताद म्हणाला.

"जन्मभर बोललो. आज पहिल्यांदा कामाला आलं."

"तो रागावून गेला."

"जाऊ दे. कधीपासून आहे हे?"

"थंडीत सुरू झालं. बायकोला म्हटलं, थंडी वाजते."

"आणि उन्हाळ्यात?"

"तिनंपण हेच विचारलं."

भोंगा हसला, मग थांबला. "मला सांगायचं नाहीस का, लेका?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

भोंग्यानं तुरटीचा खडा स्वतःच्या हातात घेतला. काय म्हणालो असतो ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

वस्तादनं ब्रश वाटीत फिरवला, आता लपवायचं नव्हतं म्हणून खुशाल टिणटिणू दिला. उरलेल्या अर्ध्या तोंडाला पुन्हा फेस फासला, ओठांवरही जाड. मग वस्तरा उलटा करून मूठ भोंग्याच्या हातात दिली आणि स्वतः जाऊन बाकावर बसला. मावशी बसली होती तिथंच. इतक्या वर्षांत त्या बाकावर तो पहिल्यांदा बसला असेल.

"तुझं तू कर," तो म्हणाला. "आता माझी पाळी. तोंड उघडायचं नाही."

भोंग्यानं आरशात बघून वस्तरा गालाला लावला. आरशातला हात उजवीकडं जा म्हटलं की डावीकडं जायचा. "पातं झोपव. झोपव म्हटलं तर भाजी सोलल्यासारखं काय करतोस?" वस्ताद मधूनमधून म्हणायचा, आणि मग पुन्हा आपलं सांगायचा. सावकाश, एकेक शब्द जपून.

"मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. कुणाला न सांगता. नसांच्या डॉक्टरची खोली आहे. दारावर पाटी आहे. आत टेबल आहे, खुर्ची आहे, खुर्चीला अजून कारखान्याचा कागद गुंडाळलेला. माणूस नाही. तिथला शिपाई म्हणाला, जागा मंजूर आहे, माणूस येईल. बाहेर बाकावर माझ्यासारखे बसलेले. एक शिंपी होता. एक घड्याळं दुरुस्त करणारा. सगळ्यांचे हात हलतायत, आणि सगळे हात मांडीखाली दाबून बसलेत. कुणी कुणाला विचारत नाही. मीपण दाबून बसलो." तो थांबला. "बस. एवढंच. कानाखाली राहिलंय तुझं."

भोंग्याला सभागृह पुन्हा दिसलं, या वेळी उघड्या डोळ्यांनी, आरशातल्या लांबच लांब ओळीत. प्रत्येक बाकावर माणसं हात मांडीखाली दाबून बसली होती. मधोमध एक खुर्ची होती, कागद गुंडाळलेली. सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं. ओठांवर फेस होता.

त्यानं तोंड धुतलं. पाणी थंड होतं. वस्तादनं टॉवेल दिला. टॉवेल हलत होता, तो भोंग्यानं घाई न करता घेतला.

"काय उरलं?"

"पारवे," भोंगा म्हणाला. "मावशीचा अंगठा."

"आणि?"

भोंग्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. मग टॉवेल खुंटीला लावला, शटरखालून वाकून बाहेर पडला आणि चालायला लागला. 'झालं समजा' म्हणाला नाही. वस्ताद शटर धरून बघत राहिला. भोंगा गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "हे खरं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सभागृहात घंटा वाजली, खरी. भोंगा आपल्या जागी बसला. शेजारचे आमदार कानाशी वाकून म्हणाले, "रस्त्याचं बोलायचंय ना? वरून दोनदा विचारून गेले. आणि अहो, कानाखाली तुमची दाढी राहिलीय."

भोंग्यानं बोटानं चाचपलं. खुंटांचा एक पुंजका होता, बाजूला काल कापलेली रेघ. नाव पुकारलं गेलं. तो उभा राहिला. लिलावाचा आवाज त्यानं काढला नाही, म्हणून मागचे बाकही वाकून ऐकायला लागले.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला, "आमच्याकडं एक खुर्ची आहे."