चौदाव्या भागातला फोन

माझ्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे, असा माझ्या बायकोचा, मंदाचा, समज आहे. बहुतेक खराही आहे. माझ्या बनियनला कुठे भोक पडलंय इथपासून कोणत्या लग्नात मी किती गुलाबजाम हाणले इथपर्यंत सगळी माहिती तिच्याकडे असते. पण आता जे सांगतोय ते तिला माहीत नाही. मुलीला नाही. कोणालाच नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. उद्या पारावर तुमची गाठ पडणार नाही म्हणून.

आधी सोपी कबुली देतो. माझी पन्नाशी उलटली आहे, मिशा अर्ध्या पांढऱ्या झाल्या आहेत, वाशिमकडच्या मालेगावपासून थोड्या अंतरावर सोयाबीन आणि तूर पिकवतो — आणि मोबाइलवर कोरियन प्रेमकथा बघतो. हिंदीत डब केलेल्या. मुलीनं सुट्टीत एक लावून दिली, ती वाशिमला कॉलेजात परत गेली, मी मात्र तिथंच अडकलो. मंदा म्हणते, ‘शेजारच्याच्या बायकोनं कोणत्या रंगाचं लुगडं घातलं ते कधी दिसत नाही, अन् त्या पोरीनं टिकली कधी काढली ते दिसते तुमाले.’ त्या पोरी टिकली लावतच नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.

आमच्या घरात गोष्ट सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. विहिरीत पडलेल्या म्हशीची एक गोष्ट मी तीन लग्नांत सांगितली, आणि दर वेळी म्हैस थोडी अजून खोल गेली. लोकांना ते चालतं. मलाही चालायचं.

आता ताईबद्दल सांगायला हवं. सुमनताई, माझी मोठी बहीण. लग्नानंतर काही वर्षांनी तिचे यजमान — आमचे भाऊजी — पश्चिमेकडे ऊसतोडीला गेले. टोळीतली बाकीची माणसं हंगाम संपल्यावर परत आली, ते आले नाहीत. मूलबाळ नव्हतं. मी तिला घरी घेऊन आलो. माणसाचा बारा वर्षं पत्ता नसला की आमच्याकडे काही घरांत गवताचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकतात. ताईनं ते करू दिलं नाही. ‘माणूस हरवला म्हंजे मेला काय?’ एवढंच म्हणाली आणि कुंकू लावत राहिली. पुढे काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, तरी कपाळावर बोट अचूक मध्यभागी टेकायचं.

तर मी मालिका बघायचो आणि दुपारी जेवणं झाली की ओसरीवर बसून ताईला सांगायचो. ती गोधडीला टाके घालत ऐकायची. डोळे नसताना टाके — आणि तेही सरळ. मान माझ्याकडे वळवलेली, थोडी तिरकी, आणि मधूनमधून एक हुंकार. असं ऐकणारं माणूस तुम्हाला कधी मिळालंय? मिळालं असेल तर पुढचं तुम्हाला लवकर कळेल.

या मालिकांची चाल कशी असते, सांगतो. सोळा भाग. पहिल्या चारांत भांडण, धक्काबुक्की, कॉफी सांडणं — मजा असते, कोणीही बघेल. पाचव्यात पाऊस आणि छत्री. आठव्यापर्यंत छत्रीच. नवव्यात एकदाचे ओठ टेकतात, आणि टेकून दोघं असे उभे राहतात की वाटावं करंट लागला. मग तोच प्रसंग तीन बाजूंनी, तेच गाणं लावून. दहा मिनिटांपूर्वी जे पाहिलं त्याचीच नायकाला पुन्हा आठवण येते. अरे, मलाही आठवतंय! आणि चिनी मालिका तर चाळीस चाळीस भागांच्या, त्यात निम्मा वेळ दरबारातली म्हातारी माणसं चहा पितात. मी सरळ वेग दुप्पट करायचो, बोटानं पुढे ढकलायचो, आणि ताईला दोन भाग एकात कोंबून सांगायचो.

ती ओळखायची.

‘बापू, मंधातलं गायब केलं तू.’

‘मंधात काही नव्हतंच, ताई. तो नुसता खिडकीत उभा होता.’

‘मग तेच सांग ना. किती येळ उभा होता?’

तिचं म्हणणं असं की वाट बघणं हीच गोष्ट आहे, बाकी सगळं भरती. माझं म्हणणं असं की बाराव्या भागानंतर या लोकांकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, म्हणून ते एकमेकांपासून काहीतरी लपवतात. त्याला आजार असतो, तो सांगत नाही. तिला पत्र आलेलं असतं, आई ते दडवते. एक वाक्य — फक्त एक वाक्य कोणी बोललं तर गोष्ट तिथेच मिटेल, पण नाही! चार भाग सगळे डोळ्यांत पाणी आणून गप्प. मला याचा खरोखर राग यायचा. मी ताईसमोर हात आपटून म्हणायचो — बोल ना लेका, तोंड शिवलंय का तुझं?

असं म्हणणारा मी.

त्या दिवशी चौदावा भाग चालला होता. म्हणजे मी सांगत होतो. नायक सात वर्षं गायब आहे, नायिका समुद्रकाठच्या गावात राहते, रोज थांब्यावर जाऊन बसते. उन्हाळ्याचे दिवस, ओसरीवर दुपारची शांतता, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे एक पोरगी होती, बोलणं आपल्याकडचं नव्हतं.

‘सुमनबाईंचं घर का? माझे बाबा लई आजारी हाइत. एकदा बोलायचं म्हनत्यात त्यांच्याशी. देता का?’

तिनं वडिलांचं नाव सांगितलं. भाऊजींचं नाव.

ताई माझ्यापासून दोन हातांवर होती. सुई कापडात अर्धी घातलेली, मान तिरकी, गोष्ट पुढे सरकायची वाट बघत. फोनमधून त्या मुलीच्या मागे कोणाचातरी खोकला ऐकू येत होता. फोन ताईच्या कानाला लावायला मला किती वेळ लागला असता?

मी म्हणालो, ‘झोपल्या आहेत. उद्या करा.’ आणि बंद केला.

‘कोन होतं रे?’

‘कंपनीवाले. रिचार्ज संपून राह्यला म्हंते.’

‘बरं. मग थांब्यावर काय झालं?’

आणि मी सांगायला लागलो. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. तोच मला अजून आठवतो, माझा तो आवाज.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो मी उचलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठदहा दिवसांनी मी शेतात एकटा असताना पुन्हा आला. तेव्हा उचलला — का, ते माहीत नाही. मुलगी म्हणाली, बाबा गेले. साखरेचा आजार, डावा पाय गुडघ्यापासून काढला होता, तरी सडणं वर चढतच गेलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ‘तुमी सांगा त्यांना,’ एवढं म्हणाली. मी हो म्हणालो.

असं का केलं? भाऊजींचा राग होता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. इतकी वर्षं दुसरा संसार मांडून बसलेला माणूस आता कशाला माझ्या बहिणीला रडवतोय, असं. ऐकायला बरं वाटतं. पण खरं ते नाही. खरं इतकं लहान आहे की सांगतानाही लाज वाटते. — भाऊजींचा आवाज तिच्या कानात गेला असता तर तिची गोष्ट संपली असती. मग तिला माझी कशाला लागली असती? मला जन्मात एकच खरी ऐकणारी मिळाली होती, आणि ती मला द्यायची नव्हती. त्या मरणाऱ्या माणसालासुद्धा नाही.

उद्या सांगू, असं ठरवलं. पोळ्यानंतर सांगू. सोयाबीन निघालं की सांगू. आणि तोंड उघडलं की गोष्ट बाहेर पडायची. ती मालिका सोळा भागांत कधीच संपली होती, मी ती पुढे ओढत नेली. सतरावा भाग माझा. विसावा माझा. त्यात नायक एका दुपारी एसटीनं येतो, पण घरी यायची हिंमत होत नाही, म्हणून थांब्यावर नुसता बसून राहतो. ताईनं टाका थांबवला. ‘दुपारी किती वाजता?’ मी सहज म्हणालो, तीन.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत फाट्यावर गेली. आमच्या घरापासून फाटा सरळ रस्त्यानं आहे, शिरपूरकडून येणारी तीनची एसटी तिथं थांबते. मंदानं विचारलं तर म्हणाली, ‘पाय मोकळे करून येतो.’ मग रोज जायला लागली. ऊन असो, आभाळ असो.

फाट्यावर देवरावची चहाची टपरी आहे. एकदा त्यानं मला बाजूला घेतलं.

‘ताई रोज दोन चहा सांगते.’

‘मग? पीत असंन दोन.’

‘एकच पेते. दुसरा बाकड्यावर ठेवते बाजूनं. मी कोनाले पेताना पाह्यलं नाही, बापू. पन कप रिकामा असते.’

मी हसलो. म्हटलं, कुत्रं पीत असेल. देवराव हसला नाही. ‘कुत्रं कप पालथा घालून ठेवते काय?’

एक दिवस मी शेतातून आडवाटेनं गेलो आणि एसटीच्या निवाऱ्याच्या भिंतीमागे उभा राहिलो. एसटी आली, कोणी उतरलं नाही, गेली. ताई बाकड्याच्या एका टोकाला बसली होती, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. मान तिरकी. काही बोलत नव्हती, ऐकत होती. मला तिचं ऐकणं माहीत आहे हो — जगात कोणाला नसेल एवढं मला माहीत आहे. हुंकार बरोबर जागेवर पडत होते. मध्ये ती हलकेच हसली, कोणी काही बोलल्यावर हसतात तशी. मग दोन मिनिटं नुसती शांतता, आणि ती शांतताही तिला ऐकू येत होती. वाऱ्याचं नाव नव्हतं. मी पुढे गेलो नाही.

त्या संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, ‘चालाले लय तरास होते त्याइले. डावा पाय नाही. गुडघ्यापासून.’

तुम्ही म्हणाल, फोनवरचं ऐकलं असेल तिनं, आंधळ्या माणसाचे कान तिखट असतात. मीही तेच म्हणायला बघितलं. पण पायाची गोष्ट मला शेतात कळली. आजूबाजूला तुरीच्या धसकटांशिवाय काही नव्हतं. आणि मी ती कोणाच्या कानावर घातली नव्हती.

तेव्हा सांगायला हवं होतं. दार सताड उघडं होतं. मी काय म्हणालो? — ‘मंग पुढं काय झालं?’

त्या दिवसापासून सांगणारी ती झाली आणि ऐकणारा मी. रोज थोडंच सांगायची. तिकडचं घर पत्र्याचं आहे. दारात शेवग्याचं झाड आहे. एक दिवस नुसतं झाडाबद्दलच. मला पुढे ढकलायला बोट नव्हतं. आणि एका दुपारी टाका घालता घालता म्हणाली, ‘पोरगी चांगली हाये म्हंतात. तिनंच फोन लावून देल्ला होता म्हने एक डाव.’

सुई कापडातून वर आली, खाली गेली.

‘कोनी उचलला नसंन,’ ताई म्हणाली.

तिनं मान माझ्याकडे वळवली आणि थांबली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. एक वाक्य हवं होतं.

मी म्हणालो, ‘नसंन.’

तिनं हुंकार दिला — तोच, गोष्ट ऐकताना द्यायची तो — आणि पुढचा टाका घातला. त्यानंतर तिनं मला काही सांगितलं नाही. फाट्यावर जात राहिली, पण परत आल्यावर गप्प. मी विचारायचो, आज काय? ती म्हणायची, ‘आज काही नाही.’

गेल्या थंडीत ती सकाळी उठलीच नाही. दुपारपर्यंत पाव्हणे जमले. बाईमाणूस गेलं की माहेरचं लुगडं भावानं आणायचं असतं, म्हणून मी मालेगावला गेलो. दुकानदारानं विचारलं, कोणतं दाखवू — नवरा आहे का नाही? तिथेही सांगता आलं असतं. अनोळखी दुकान होतं, कोणाला काय फरक पडत होता.

मी हिरवं घेतलं.

घरी बायांनी तिची ओटी भरली, हिरव्या बांगड्या चढवल्या, कपाळभर कुंकू लावलं. कोणीतरी म्हणालं, वाट पाहू पाहू का होईना, पण सवाष्णच गेली बाई, भाग्याची. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मंदानं मला पुढे बोलावलं, आणि मी माझ्या हातांनी ते हिरवं लुगडं ताईच्या अंगावर पसरलं, पायांपर्यंत ओढलं, आणि काठ सरळ केला.