भीमाच्या गाडीचा आवाज

भीमाच्या पिकअपच्या आधी तिचा आवाज गल्लीत शिरायचा. उदगीरच्या स्टेशनमागच्या नाक्यापासून आमच्या गल्लीपर्यंत चढ आहे. चढावर गाडीला जोर पडला की मागून हूंऽऽ असा आवाज निघायचा, भुंगा डब्यात कोंडल्यासारखा. पाय दाबला की वर जायचा, उचलला की खाली यायचा. उदगीरात पिकअप पुष्कळ आहेत. असा आवाज एकीचाच होता.

तो कुठून येतो ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो. सगळी नोकरी गाड्यांखाली पाठीवर पडून झाली. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा गोळा असतो, त्याला आम्ही हौसिंग म्हणतो. इंजिनाचा जोर तिथं वळतो आणि दोन्ही चाकांना वाटला जातो. आत दातेरी चाकं तेलात फिरतात. दात झिजले, तेल खाली गेलं, की हौसिंग ओरडायला लागतं.

भीमा आधी मोंढ्यात हमाल होता. पोती वाहून वाहून मान एका बाजूला कलली, तेव्हा त्यानं औशाहून ही जुनी गाडी आणली. मी वाकून पाहिलं आणि सांगितलं, "भीमा, हौसिंग वरडतंय."

"वरडू द्या की दादा. माझ्यावानीच हाय. वज्जं पडलं की कण्हतंय, पण नेतंय."

त्याची बायको पंचफुला. नाक्यावरून आवाज आला की ती उठायची आणि तवा ठेवायची. भीमा हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. माझी बायको केवळाबाई तिला चिडवायची, "ऊठ पंचफुला, तुझा बेंडबाजा आला."

"येऊ द्या अक्का. वाजत तरी येतेत. आमच्या भाऊजींची एसटी कवा येती ते एसटीलाच ठाव न्हाई."

तिचं विसरणं मिठापासून सुरू झालं. भाजीत दोनदा मीठ, मग अजिबात नाही. मग शेजारणींची नावं गेली. मग नायगावला दिलेली लेक लुंबिनी माहेरी आली, तर तिला पाणी देऊन म्हणाली, "बसा बाई. कुणाकडं आलात?" लुंबिनी पाण्याचा तांब्या हातात धरून रडली. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे थोडं लांबवता येईल, मागं फिरवता येणार नाही. हे मला सांगून झाल्यावर भीमा माझ्या ओट्यावर न पेटवलेली बिडी हातात धरून बसून राहिला.

शेवटी त्याचीही पाळी आली. सकाळी घरात तो दिसला की पंचफुला पदर ओढून घ्यायची आणि सून बुद्धप्रियाला हळूच विचारायची, "हे पाव्हणं कोण हायेत गं? कवा जाणारेत?" भीमाला ते ऐकू जायचं. तो चहा तसाच ठेवून गाडीकडं निघायचा.

पण संध्याकाळी चढावरून आवाज आला की ती म्हणायची, "मालक आले." उठायची, तवा ठेवायची. त्या आवाजामागून जो दारात यायचा, तो भीमा आहे हे तिला कळायचं. "पाय नीट धुवा, मोंढ्याची माती घरात आणू नका," असं बोलायची. जेवण होईपर्यंत तो तिचा नवरा असायचा. झोपून उठली की परत पाव्हणा.

सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. भाडं नसलं तरी भीमा संध्याकाळी गाडी काढायचा, नाक्यापर्यंत जायचा आणि वळून परत यायचा. रिकाम्या गाडीचा आवाज कमी येतो, म्हणून मागं वाळूची पोती टाकून ठेवली होती. कुणी त्याला हसलं नाही.

सोयाबीनच्या सुगीत एकदा तो नायगावहून आला आणि तसाच माझ्याकडं आला. "दादा, मागून जळका वास येऊन राहिला."

मी खाली गेलो. हौसिंगवर हात ठेवला, ठेवून धरता आला नाही. हवा जायची नळी चिखलानं बुजली होती. कोंडलेल्या वाफेनं तेल बाहेर ढकललं होतं. भरायच्या बाजूचा बोल्ट खोलून बोट आत घातलं. तेल बोटाला लागलं नाही.

"बदलावं लागंल," मी म्हणालो. "नळी साफ करायची, नवं तेल भरायचं."

"आवाज?"

"कमी होईल."

"किती?"

"दात किती गेलेत ते आत गेल्याबिगर कळत न्हाई. बंदबी होईल."

भीमानं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या दाराकडं. पंचफुला उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. "बघू," म्हणाला आणि गेला.

तो बघू म्हणत राहिला आणि गाडी चालवत राहिला. आवाज वाढत गेला. आता तो नाक्याच्याही पलीकडून यायचा आणि पंचफुला आधीच तवा ठेवून बसायची. मी एकदा त्याला रस्त्यातच थांबवलं.

"मागं कोण बसतंय?"

"पोती."

"अन् पोत्यांवर?"

"बाया. सोयाबीन काढून येणाऱ्या. वाटंत सोडतो."

"दात तुटून मधी अडकला तर मागची चाकं जाग्यावर धरतील. ब्रेक न दाबता. भरल्या गाडीतून बाया कुठं पडतील, ते तूच सांग."

तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला. मग म्हणाला, "तेल कोणतं आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात काम काढलं. या कामाचे नियम आहेत आणि मी ते मोडत नाही. तेल गरम असताना सोडायचं, थंड तेल निम्मं आतच चिकटून राहतं. म्हणून आधी गाडी फिरवून आणायची. मी भीमाला सांगितलं, "नाक्यापर्यंत जाऊन ये."

तो गेला आणि चढावरून आवाज करत परत आला. सकाळची वेळ होती, तरी पंचफुला उठली. "आज लवकर आले मालक," म्हणाली आणि तवा ठेवला. भीमा गाडी बंद करून अंगणात उभा राहिला. माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "जा, जेवून ये."

तो आत बसून जेवला. तिनं दोन भाकरी वाढल्या, तिसरी घ्या म्हणाली, त्यानं तिसरीही घेतली. तिकडं तेल निवत होतं. मी चाकांना दगड लावत बसलो.

मग काम केलं. आधी भरायच्या बाजूचा बोल्ट खोलायचा, मग तेल सोडायचा. उलटं करणारे पस्तावतात. तेल सोडून दिल्यावर कळतं की भरायचा बोल्ट गंजून बसलाय. वरचा खोलला. खालचा सैल केला, घमेलं सरकवलं, बोल्ट काढला. तेल काळं होतं, एवढ्या गाडीच्या मानानं फारच थोडं. उन्हात चमकत होतं. ती चमक लोखंडाची. बोल्टाच्या टोकाला चुंबक असतं, त्याला चिखलासारखा थर बसला होता. तो पुसला, पेट्रोलनं धुतला. थेंब थांबेपर्यंत थांबलो. भीमाला घाई नव्हती, मलाही. हवेची नळी तारेनं मोकळी केली. खालच्या बोल्टाला नवं तांब्याचं वायसर टाकून आवळलं. मग नव्वद नंबरचं तेल नळीनं भरलं. बोल्टाच्या तोंडातून धार सुटली की थांबायचं. कमी नको, जास्त नको. वरचा बोल्ट लावला, सगळं कोरडं पुसलं.

भीमा गाडीखालून निघाला, हात कोपरापर्यंत काळे. पंचफुला पाणी घेऊन बाहेर आली. मला म्हणाली, "घ्या मिस्तरी." मग भीमाकडं वळली. "तुम्ही कुठल्या गावचे?"

"इथलाच," भीमा म्हणाला.

"बसा. आमचे मालक आले की च्या ठेवते. त्यांची गाडी बघा, लई वाजती. लांबूनच कळतंय."

भीमानं तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

आम्ही गाडी नाक्यापर्यंत नेली आणि वळवली. चढाला मी खिडकीतून डोकं बाहेर काढून कान दिला. इंजिनाचा आवाज, टायरचा आवाज. बाकी काही नाही. चोख काम झालं होतं. भीमानं पाय आणखी दाबला. काही नाही. "लई झ्याक झालं, दादा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो मोंढ्यातून भरल्या गाडीनं आला. पंचफुला उंबऱ्यातून उठली नाही. गाडी दारात थांबली तरी रस्त्याकडंच बघत राहिली. त्यानं हॉर्न वाजवला.

"कुणाची गाडी हाय गं ही? दारात कामून लावली?" तिनं बुद्धप्रियाला विचारलं.

"मामांची हाय ना आत्या. मामा आले."

"उगं काहीबी. त्यांची गाडी वाजती."

दुसऱ्या दिवशी भीमानं गाडी गल्लीच्या तोंडाला लावली आणि चालत येताना तोंडानंच हूंऽऽ केलं. वर नेलं, खाली आणलं. माणूस पोतं उचलताना लाजत नाही तसा तो लाजला नाही. गल्लीतली पोरं हसली, मी त्यांना हाकललं. पंचफुला दारातून ओरडली, "कोण खुळं वरडून राहिलं गं?"

भीमा तिथूनच वळला आणि माझ्याकडं आला. बसला नाही.

"दादा, जुनं तेल फेकलं का?"

"न्हाई. डब्यात हाय. फाटकाला लावायला ठेवलंय."

"ते परत घातलं तर?"

मी डबा आणला, झाकणाची चिंधी सोडली, चार थेंब त्याच्या तळहातावर टाकले आणि बोटानं चोळले. हात चमकला.

"हे दात हायेत, भीमा. तेल कमी ठेवून हे घातलं तर सुगी निघायच्या आत हौसिंग जाईल."

"पर आवाज येईल?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण बोललो नाही. "येईल," मी म्हणालो.

मी चिंधी परत बांधली. त्यानं डबा उचलला आणि घरी नेला. मी अडवलं नाही. गाडी त्याची, बायको त्याची.

सकाळी डबा माझ्या फाटकाशी होता. चिंधी माझ्याच गाठीनं बांधलेली, तेल तेवढंच. भीमा गाडी पुसत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "बाया बसतेत मागं."

त्यानंतर त्यानं गाडीतली वाळूची पोती उतरवली. आता संध्याकाळी तो मोंढ्यातून येतो, गाडी लावतो, पाय नीट धुतो, मोंढ्याची माती घरात नेत नाही. मग उंबऱ्यावर पंचफुलापासून हातभर लांब बसतो, पाव्हण्यानं बसावं तसा. ती रस्त्याकडं बघते.

"आमच्या मालकांना उशीर झाला," ती म्हणते.

"येतील," भीमा म्हणतो.

"तुम्हाला घाई न्हाई ना?"

"न्हाई."

दोघं बसतात. अंधार पडला की बुद्धप्रिया तिला उठवते. भाकरी करायला पंचफुलाचे हात अजून विसरलेले नाहीत. ती पाव्हण्याला वाढते, आणि एक चांगली फुगलेली भाकर काढून फडक्यात बांधते, वर भाजीची वाटी ठेवते. "मालकांसाठी," सुनेला बजावते. "कुणाला देऊ नको."

पहाटे भाड्याला निघताना भीमा ते फडकं सोडतो आणि ती शिळी भाकर उभ्याउभ्या खातो. चुरासुद्धा ठेवत नाही. वाटी पालथी घालतो, फडक्याची घडी करून वर ठेवतो आणि जातो.

केवळाबाई परवा सकाळी त्यांच्याकडं ताक द्यायला गेली होती. पंचफुलानं तिला ती पालथी वाटी दाखवली. फार खुशीत होती.

"बघा अक्का, मालक येऊन जेवून गेले. मला उठवलंबी न्हाई."