बर्थाबाई असं बोलल्याच नव्हत्या

गोराईच्या जॅकलिनने सेहेचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा गावातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. कांदिवलीच्या शाळेत बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसायची, घरी येऊन मासळी साफ करायची, आणि वर हे! पण बाई हट्टी. प्रकल्पही घरचाच घेतला: लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून आणतात ते उंबराचं पाणी. सांगायला सासू होतीच, बर्थाबाई. ऐंशी पार केलेली, जीभ विळीसारखी.

सासू गावच्या बोलीत बोलत गेली, जॅकलिनने शब्दन्‌शब्द फोनवर उतरवून घेतला. आणि मग हिला लाज वाटली. आता सांगा, लाज कसली? पण गोराईची माणसं बोटीतून बोरिवलीच्या बाजूला उतरली की आधी बोली बदलतात, तेच अंगात मुरलेलं. तिने सगळं एआयच्या पुढ्यात ओतलं आणि म्हणाली, शुद्ध मराठीत नीट लिहून दे. पहिलं पान वाचून खूश झाली. त्याच आठवड्यात सासू गेली. घरात रडारड, पाहुणे, चर्चमधली मिस्सा-प्रार्थना. उरलेली पानं धड न वाचताच बाईने कॉलेजात देऊन टाकली.

सासू जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्साला नवऱ्याने, म्हणजे नेव्हिलने, आईचे शेवटचे शब्द वाचायला मागितले. शेवटी लिहिलं होतं, ‘माझ्या नेव्हिलने मला कधी काही कमी पडू दिलं नाही. तोच माझ्या म्हातारपणाची विहीर.’ जॅकलिनला वाटलं, उतरवताना आपलंच लक्ष नसेल. नेव्हिलला आईने जन्मभर बरा म्हणून म्हटलं नव्हतं. तो भरल्या चर्चमध्ये ओक्साबोक्शी रडला. ते वाक्य त्याने आईच्या फोटोखाली लावलं आणि रोज कामावर जाताना वाचू लागला.

अशात प्रकल्प तपासणाऱ्या क्षमा मॅडमनी जॅकलिनला बोलावलं.

“जॅकलिन, तुमच्यात कुलदेवी असते?”

“आमच्यात कुठली, मॅडम! आम्ही ख्रिस्ती ना.”

मॅडमनी पान पुढे सरकवलं. त्यात बर्थाबाई मंगलकलश कुलदेवीपुढे ठेवून हात जोडत होत्या. वाजवायचं घुमट गायब, बँड गायब, दारात सनई वाजत होती! रविवारची मिस्सा तापातही न चुकवलेली बाई ती! जॅकलिनच्या पायाखालची जमीन सरकली.

“नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता,” मॅडम म्हणाल्या. “एआय वापरलंत तर कुठे वापरलं ते लिहा. त्याला दिलेला मूळ मजकूर मागे जोडा. आणि मुलाखत दिलेल्या माणसाच्या बोलण्याला त्याचा हात लागू देऊ नका.”

“मी फक्त शुद्ध करून घेतलं, मॅडम. लिहून कुठे घेतलं?”

“मग ही देवी कुणी लिहिली? मूळ आहे का तुमच्याकडे?”

“फोनमध्ये आहे.”

“सोमवारी जोडून द्या. नाहीतर मला नापास करावं लागेल.”

कॉलेजच्या जिन्यात बसूनच तिने फोन उघडला. मडकं होतं, विहीर होती, घुमट होतं. वाचत वाचत ती शेवटाला आली आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. नेव्हिलचं ते वाक्य नव्हतंच! पुन्हा वरून वाचलं. नाही म्हणजे नाही. अरे देवा, आता वाट लागली! ज्यावर माझा नवरा रडला, ते कुणाचं बोलणं होतं? मधेच मात्र भलतंच काही होतं. पाण्याचं सांगता सांगता सासू थांबून विचारत होती, “नेव्हिल जेवला का गो?” थोडं पुढे पुन्हा तेच. मशीनने ते सगळं काढून टाकलं होतं.

सोमवारी मूळ जोडलं की सुटलं. नेव्हिल थोडाच प्रकल्प उघडणार होता? पण तो रोज फोटोपुढे उभा राहणार आणि आपण बघत राहणार, हे तिच्याने होईना. घरी गेली आणि बोलून टाकलं.

नेव्हिल आधी हसला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे आई असं बोललीच नाही?”

“नाही रे.” तिने फोन पुढे केला. “हे बोलली.”

त्याने वाचलं. “मी जेवलो का, विचारत होती? हे कशाला काढलंस गं?”

“मी नाही रे काढलं, त्या मशीनने काढलं.”

“आणि माझ्या आईचं बोलणं त्याच्या हातात दिलं कुणी?”

जॅकलिनला हुंदका आवरेना. “मीच दिलं,” ती म्हणाली. “मला तिच्या बोलण्याची लाज वाटली.”

नेव्हिल उठला. फोटोखालचा कागद त्याने स्वतःच काढला, फाडला मात्र नाही. तो घडी घालून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “सोमवारी हा पण जोड. खाली लिही, हे आई बोललीच नव्हती.”