यजमानपद आणि शिट्टीसर

शिट्टीसरांचा फुटबॉलवर इतका जीव, की विश्वचषकाच्या यजमानपदाची बातमी वाचली की त्यांना मळमळायचं. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसा पेपर चिमटीत धरून ते मला, म्हणजे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, बोलवायचे. ‘ये, वाच. आणखी एक देश नटून बसलाय.’

त्यांच्या मते हा सगळा दाखवण्याचा कार्यक्रम. ‘अरे, मुलगी निदान चहा-पोह्यांनंतर आत तरी जाते. हे देश आहेराची ताटं घेऊन दारोदार हिंडतात. घरात पाणी नाही, आणि पाहुण्यांना कारंजी दाखवतात.’

निवृत्तीनंतर सर धायरीत मुलींना फुटबॉल शिकवत. मैदान म्हणजे मुरमाचा तुकडा, पण रोज सकाळी सोळा मुली तिथं धावायच्या. मग आपल्या देशानंही कुठल्याशा स्पर्धेसाठी अर्ज केला आणि हा तुकडा सरावाचं मैदान म्हणून कागदावर चढला. आमच्या सोसायट्या टँकरची वाट बघत असताना टँकर मैदानावर रिकामे होऊ लागले. हिरवळ उगवली. मुलींच्या बुटांनी ती खराब होईल म्हणून फाटकाला कुलूप लागलं.

स्पर्धेवाल्यांची माणसं पाहणीला यायची होती, त्या दिवशी मी फेटा बांधून, हार घेऊन फाटकाशी उभा. हो, मीच. मला मिरवायला आवडतं. गाडी आली, काच खाली झाली, हिरवं दिसलं, काच वर गेली. हार माझ्याच हातात राहिला. सर म्हणाले, ‘घाल स्वतःच्याच गळ्यात. शोभतोस.’

यजमानपद दुसऱ्याच देशाला मिळालं. सर खुशीत. मला घेऊन क्रीडासमितीच्या चिटणीसांकडे गेले. ‘स्थळानं नकार कळवलाय. आता घरच्या पोरींना खेळू द्या.’

‘अहो सर, पुढच्या वेळी परत अर्ज करायचाय. हिरवळ राखायला नको?’

‘कोणासाठी?’

‘खेळासाठीच ना, सर.’

सर उठून बाहेर पडले. वर्षभर ते मुलींना सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळवत राहिले. सोळाच्या सात झाल्या. गेल्या थंडीत सर गेले.

श्रद्धांजलीसभा मैदानावर घ्यावी म्हणून मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: हिरवळ खराब होईल, परवानगी नाही.

सभा फाटकाबाहेर रस्त्यावर झाली. मी बोलायला उभा राहिलो, आणि समोर बघतो तर त्या सोळाही मुली बूट घालून आलेल्या. माझं भाषण संपायची वाट न बघता पहिली फाटकावर चढली.