ताणली की हिरवी होणारी पट्टी

आबांना, माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी पुण्यातल्या प्रयोगशाळेत पॉलिमरवर काम करत होते. आमचं घर टाकवे बुद्रुकला. आबा झटक्यातून वाचले, चालूही लागले, पण उजव्या हातात जोर राहिला नाही. वडगावच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायामाला रबराचा पट्टा दिला होता. आबांनी तो खुंटीला टांगून ठेवला.

"नुसतं वढायचं, सोडायचं. ह्यानं काय हुतंय?" ते म्हणायचे. आईनं विनवण्या केल्या, मी रागावून पाहिलं. आबा तोंड फिरवून बसायचे.

माझं काम रंगाचं, पण रंग न घालता. डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे गोळे रबरासारख्या पॉलिमरमध्ये नीट थरांनी बसवले, की थरांमधल्या अंतराप्रमाणे प्रकाशातला एखादाच रंग परत फिरतो. पट्टी ताणली की थर जवळ येतात आणि रंग बदलतो. ताण दाखवणारं उपकरण आम्हाला त्यातून करायचं होतं. एका पट्टीची कड डागाळली, ती बाद झाली. प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून मी ती गावी नेली.

ओट्यावर, उन्हात, मी ती आबांसमोर ताणली. लाल पट्टी हिरवीगार झाली. सोडली, पुन्हा लाल.

"रंग कुटनं आला गं?"

"रंग घातलाच न्हाई, आबा. उजेडातलाच हाय."

"आण हिकडं."

एक टोक त्यांनी डाव्या हातात धरलं, दुसरं मी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळलं. त्यांनी दातओठ खाऊन ओढलं. पट्टी जेमतेम नारिंगी झाली. कपाळावर घाम आला. आता भिरकावतील, असं मला वाटलं.

"ऱ्हाऊ दे माझ्यापाशी," ते म्हणाले.

नंतर आई फोनवर सांगायची, "आल्यागेल्याला धरून बसवत्यात आन पट्टी दाखवत्यात." दिवाळीच्या आधी एका सकाळी आबांनीच फोन केला. "हिरवी झाली!" एवढंच बोलले.

आता ते सदऱ्याची बटणं स्वतः लावतात. वडगावच्या बाईंनी ती पट्टी पाहून इतर रुग्णांसाठी तशा पट्ट्या मागितल्या, तेव्हा सरांनी कमी-जास्त ताठ पट्ट्यांचं काम मला दिलं. पहिला नमुना मी आबांना दिला.

त्यांनी तो ओढून पाहिला. "ही लय मऊ हाय," ते म्हणाले. "जरा दमाची कर."