मुद्दा कुठी भागून नाई चालला

वच्छलाबाईंचा फोन आला की पोलीस ठाण्यात सगळे एकमेकांची तोंडं बघत. ठाणेदारसाहेब तर हातानंच 'मी नाही म्हणून सांग' अशी खूण करत. त्यांचं गाव माझ्या बीटमध्ये, त्यामुळे फोन शेवटी माझ्याच कानाला लागायचा. बाई नाल्यापलीकडच्या गावाच्या पोलीस पाटील. गावात खुट्ट झालं तरी ठाण्याला कळवायचं, हे त्यांचं काम. त्या इमानेइतबारे कळवत, पण कळवण्याची सुरुवात सकाळच्या भाजीपासून होई.

"जमादारभाऊ, जेवले का? मी आज लाखोडीची भाजी केली होती. तं गंगूबाई आली मिरच्या मांगाले..." मग गंगूबाईवरून तिचा जावई, जावयावरून त्याची मोटारसायकल, आणि ती मोटारसायकल कुणाच्या तरी धानाच्या बांधीत घुसून मारामारी झाली, ही खबर अगदी शेवटी. तोवर माझा चहा गार आणि डोकं गरम झालेलं असे.

"बाई, मुद्द्यावर या हो!" मी ओरडायचो.

"मुद्दा कुठी भागून नाई चालला, भाऊ. पयले माणूस समजाले पायजे."

त्यांची दुसरी खोड याहून वाईट. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना त्या एकाच काळ्यापिवळ्या जीपमध्ये, एकाच सीटवर मांडीला मांडी लावून ठाण्यात आणायच्या. स्वतः मधे बसायच्या. जीप रफिकभाऊची, आणि रफिकभाऊ सवाऱ्या कोंबण्यात पटाईत. खड्ड्याखड्ड्यांतून आदळत, बाईंचं पुराण ऐकत ती माणसं ठाण्यापर्यंत यायची तेव्हा एकमेकांपेक्षा बाईंनाच जास्त वैतागलेली असायची. मी कागद पुढे ओढून विचारावं, बोला काय तक्रार, तर दोघंही म्हणायचे, "काई नाई साहेब, जमलं आमचं." बाई पदरानं घाम पुसत विजयी मुद्रेनं बघायच्या. मग माझी अर्धी दुपार कुणी खाल्ली? पण हे विचारायची सोय नव्हती, कारण त्याचंही उत्तर लाखोडीच्या भाजीपासून सुरू झालं असतं.

एकदा मात्र त्यांचा फोन आला आणि त्या नुसतं "या" म्हणाल्या. फोन बंद.

मी रिसीव्हरकडे बघतच राहिलो. ठाण्याची गाडी साहेबांसोबत बंदोबस्ताला गेलेली. एका शिपायाला घेऊन मी स्टँडवर धावलो. रफिकभाऊची जीप ब्रह्मपुरीच्या सवाऱ्यांनी भरलेली होती. "पाटीलबाई एकच शब्द बोलल्या," एवढंच मी सांगितलं. त्यानं पुढचं काही विचारलं नाही. सगळ्या सवाऱ्या खाली उतरवल्या आणि गाडी काढली.

झालं होतं ते असं. गावातल्या सदाशिवच्या दोन बकऱ्या मेल्या, पाठोपाठ त्याची लेक तापानं फणफणली. कुण्या मांत्रिकानं जानाबाईचं नाव घेतलं. जानाबाई म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी विधवा. तिनंच करणी केली म्हणून लोकांनी तिला ओढत समाजमंदिरासमोर आणलं होतं. दोरही आणला होता. बांधल्यावर पुढं काय होतं ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

बाईंना कळलं तसा त्यांनी मला तो एका शब्दाचा फोन केला आणि त्या गर्दीत घुसल्या. "बांधाचं तं बांधा," म्हणाल्या, "पन पयले बैठक. पोलीस पाटलाबिगर गावात कोनता निवाडा झाला? बसा सारे!" त्या गावची रीत अशी, की बैठक बसली की पाटलानं 'उठा' म्हटल्याशिवाय मोडत नाही. रागानं फुललेली माणसंही सवयीनं खाली बसली. आणि बाईंनी बोलायला सुरुवात केली.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाई बोलत बोलत सदाशिवच्या आजोबांनी चिमूरच्या बाजारातून आणलेल्या बैलापर्यंत आल्या होत्या. बैल अजून वाटेतच होता. निम्मी गर्दी पांगली होती. कुणाची गुरं परत आली होती, कुणाची चूल खोळंबली होती. आणलेल्या दोरानं कुणीतरी आपली बकरी बांधून नेली होती. एकजण कळवळून म्हणत होता, "बाई, मुद्द्यावर या ना!" आणि बाई म्हणत होत्या, "मुद्दा कुठी भागून नाई चालला, बाबू."

इतकी वर्षं ज्या बडबडीनं मी जेरीस आलो होतो, तिच्या आडोशाला एक म्हातारी जिवंत बसली होती. मला भर गर्दीत रडू आलं. वर्दीत होतो म्हणून आवरलं.

मला बघून बाई थांबल्या. जानाबाईच्या लुगड्याचा पदर त्यांनी मुठीत गच्च धरला होता. ती मूठ काही केल्या उघडेना. शेवटी मी एकेक बोट सोडवलं. "उशीर काऊन केला?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "बैल घरी आला असता तं मी काय सांगतली असती?"

मी सवयीनं विचारलं, "समेट करायचा का?" त्यांनी डोळे वटारले. "हे भांडन होय का, भाऊ? गुन्हा लिवा. पन पयले पोरीले दवाखान्यात न्या." जीपमध्ये सदाशिव तापलेल्या लेकीला घेऊन मागं बसला. जानाबाईला बाईंनी पुढं बसवलं. "आज एका सीटवर नाई," म्हणाल्या. पोर वाचली. गुन्हाही लिहिला गेला.

पुढे माझी बदली एटापल्लीला झाली. बाईंचा फोन तिथंही यायचा. "बाई, हे गाव आता माझ्याकडे नाही," मी चिडून सांगायचो. "तं काय झालं? आयका तं." मी चरफडत ऐकायचो. पण त्यांचं बोलणं भाजीवरून सुरू झालं, की गावात सगळं ठीक आहे हे मला कळायचं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या नंबरवरून फोन आला. सून होती. "जमादारभाऊ, आमच्या बाई गेल्या." बस, एवढंच.

मला संताप आला. जन्मभर कुणाला दोन शब्दांत काही न सांगितलेल्या बाईची बातमी अशी सांगतात?

"असं नाही," मी ओरडलो. "नीट सांग. पहिल्यापासून सांग. सकाळी भाजी कशाची केली होती त्यांनी?"

तिनं हुंदका आवरला. मग ती म्हणाली, "लाखोडीची. तं गंगूबाई आली होती मिरच्या मांगाले..."

मी खुर्ची ओढून बसलो.