सिद्दव्वाचा उजवा पाय

सिद्दव्वा माझी मावशी. आजोबा तिला अजून सिद्दप्पाच म्हणतात, म्हणू देत. हुलिगेम्मा देवीच्या नावानं तिच्या गळ्यात मोत्यांची माळ पडली, सिद्दप्पाची सिद्दव्वा झाली, त्याला वीस वर्षं झाली. मंगळवारी-शुक्रवारी ती देवीची टोपली डोक्यावर घेऊन अनवाणी गावभर फिरते, तेव्हा अख्खं गाव तिच्या पाया पडतं. टोपली घरी ठेवली की तेच लोक तोंड फिरवतात.

यंदा तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली, त्यात शुगर. मी कोप्पळहून सुट्टीला आले तर बाईनं जखमेत चक्क देवीचा भंडारा भरलेला! दवाखान्यात चल म्हणून मी भांडले, रडलेसुद्धा. ती हलेना. दोन वर्षांमागं तापाला म्हणून गेली होती, तर बायकांनी पुरुषांच्या रांगेत पाठवलं आणि पुरुष हसले. औषध न घेताच परत आली होती.

पण मंगळवारी जोगव्याला ती त्याच दवाखान्याच्या दारात उभी राहिली, कारण देवीला कुठलं दार वर्ज्य नसतं. नवी नर्स शशिकला पाया पडायला वाकली ती वाकलेलीच राहिली. बोटानं भंडारा बाजूला करून तिनं विचारलं, हे कधीपासून? सिद्दव्वा म्हणाली, देवी बघून घेईल.

"देवीनं बघितलं म्हणूनच मला वाकवलं, अव्वा. तिला माझ्या खुर्चीवर बसव आणि तू इथं स्टुलावर बस."

शशिकलानं टोपलीसाठी खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरला, मग जखम धुतली. डॉक्टर म्हणाले अंगठा वाचेल, पण रोज ड्रेसिंगला यायचं.

रोज! म्हणजे बुधवारीसुद्धा, टोपली नसताना.

बुधवारी सकाळी ती दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली. "टोपलीशिवाय मी कोण गं तिथं?"

"शुगरची पेशंट," मी म्हटलं.

दवाखान्यात ती थेट बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढची बाई वळली, तिला खालीवर बघू लागली. मी भांडायच्या तयारीतच होते.

"अव्वा, मध्ये घुसायचं नाही हां. माझा नंबर आधी."

"नाही घुसत गं," सिद्दव्वा म्हणाली, "पण तू आटप लवकर, माझ्या भाकऱ्या व्हायच्यात."

आज सतरावं ड्रेसिंग झालं. जखम चिंचोक्याएवढी राहिलीय, आणि आता ती एकटीच जाते.